तपासकाकीच्या तोंडातली आग

तपासकाकीनं उभ्या जन्मात कुणाच्या हातचा पाण्याचा पेला सरळ तोंडाला लावला नाही. आधी पेला उजेडाकडे धरायचा, मग नाकाखाली न्यायचा, मग एक थेंब जिभेवर घ्यायचा आणि एवढं झाल्यावर समोरच्याकडे असं बघायचं, की पाणी देणाऱ्यालाच वाटावं, आपण यात काही मिसळलं तर नाही ना? पाणी तिच्याच घरच्या पिंपातलं असलं तरी तीच तऱ्हा. "पिंपाचा झाकण कोणी काढल्यान?" ती विचारायची. झाकण बहुतेक वेळा तिनंच काढलेलं असायचं.

आमची चाळ लालबागची. तिच्या आणि आमच्या खोलीत एकच भिंत, तीही अशी, की पलीकडे कुणी कूस बदलली तरी अलीकडे कळावं. मी तिला जन्मापासून ओळखत होते, तरीही तिच्या दारात वाटीभर आमटी घेऊन गेले की ती आधी वाटीत बघायची आणि मग माझ्याकडे. खरं नाव सुभद्रा. तपासकाकी हे चाळीतल्या पोरांनी ठेवलेलं. तिला ते ठाऊक होतं आणि त्यात काही वावगं आहे असं तिला वाटत नव्हतं. काका गिरणीत कापड तपासायच्या खात्यात होते. ते दिवसभर कापड तपासायचे आणि घरी आले की काकी त्यांना तपासायची, असं माझे वडील म्हणायचे. गिरणी बंद पडली, पुढे काकाही गेले, काकीचं खातं मात्र चालू राहिलं.

तिच्या तावडीतून कुणी सुटलं नाही. दुधात बोट बुडवून ती थेंब नखावर धरायची आणि थेंब ओघळला की दूधवाल्याचे आईबाप निघायचे. सुके बोंबील लालबागच्या बाजारात हवे तेवढे मिळतात, पण काकी दोन बस बदलून थेट कफ परेडच्या मच्छीमार नगरात जायची, कारण दांडीवर वाळताना डोळ्यांनी पाहिलेलाच बोंबील घरात आणायचा असा तिचा नेम होता. तिथल्या कोळणी तिला बघून एकमेकींना कोपर मारायच्या. लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस निम्मा जेवेपर्यंत तिचा हात पानाला लागायचा नाही. एकदा माझ्याच चुलतभावाच्या लग्नात माझ्या कानाशी लागून म्हणाली, "आधी त्येका काय होता ता बघूया." शेजारी माझा काका बसला होता. तो बिचारा तीन वेळा श्रीखंड मागून घेत होता.

चैत्र-वैशाखात मात्र याच स्वभावामुळे काकीला मागणी यायची. वर्षाच्या मसाल्याचे दिवस. चाळीतल्या बायका मसाला गल्लीत जायला निघाल्या की काकी पुढे आणि बाकीच्या मागे. मिरची ओल्या बोटावर चोळून रंग उतरतो का बघायची, हळकुंड दाताखाली धरायची, धणे मुठीत घेऊन फुंकायची. दुकानदार "या मावशी, या" म्हणायचे, पण चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. नवा नोकर असला तर मालक त्याला बाजूला सारून स्वतः पुढे यायचा. काकीनं नाकारलेला माल चाळीतल्या एकाही बाईनं कधी घेतला नाही, आणि तिनं पसंत केलेल्या मसाल्याला वर्षभरात कधी जाळी धरली नाही, हेही खरंच. कांडून मसाला घरी आला की पुढचे आठ-पंधरा दिवस तिची बोटं लाल व्हायची, खाजायची, कधी कधी चिरायची. "मिरचेक रंग लावतत मेले," ती म्हणायची आणि बोटांना खोबरेल चोळायची.

या सगळ्या पारखीचं मूळ म्हणजे दालचिनी. कमरेला खोचलेल्या पिशवीत एक पत्र्याची डबी आणि तिच्यात दालचिनीचे तुकडे. जाड सालीची, तिखट, चावली की कान गरम करणारी. सकाळी चहा झाला की एक तुकडा डाव्या गालात जायचा आणि जेवणाव्यतिरिक्त तो तिथून हलायचा नाही. मऊ पडला की थुंकून नवा. हे तिला तिच्या आईनं शिकवलेलं. "दालचिनी तोंडात आसली की जीभ जागी ऱ्हवता," असं तिची आई म्हणायची, "मगे कोण फसवूक शकणा नाय." काकीनं जगातल्या प्रत्येक माणसाच्या प्रत्येक वाक्याला हरकत घेतली, पण आईच्या या वाक्यापुढे तिनं नेहमी मान तुकवली. तोंड आलं, दात ठणकला, घसा बसला, की दालचिनीचीच पूड मधात कालवून लावायची.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. काकीचं तोंड कशानंच पोळलेलं नव्हतं, तरी ती जन्मभर फुंकत होती. आणि मग साठी ओलांडल्यावर ते खरोखरच पोळायला लागलं.

त्याच्या आधी सून आली, हे सांगायला हवं. महेश काकीचा एकुलता एक. कुरिअरच्या ऑफिसात होता. त्यानं लग्न ठरवलं ते सानिकाशी. माहीमची मुलगी, परळच्या एका मेडिकल स्टोअरमध्ये कामाला. उंच, शांत, विचारल्याशिवाय बोलायची नाही आणि विचारलं तर गुळमुळीत बोलायची नाही. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली. काकीला तिच्यात खोट काढता येईना, म्हणून काकीनं नोकरीत काढली. "औषधाच्या दुकानात कामाक आसा," ती गॅलरीत खालच्या आवाजात म्हणायची. "काय काय हाताखाली आसतला, कोणाक ठावक." सानिका सकाळी भाकऱ्या करून, आमटी झाकून कामावर जायची. ती जिना उतरली की काकी झाकण काढून आमटी हुंगायची. हे भिंतीपलीकडून ऐकू यायचं नाही, पण दार उघडं असायचं आणि आम्हालाही डोळे होते.

लग्नाला वर्ष झालं असेल. सानिकानं दुकानातून एक नवी टूथपेस्ट आणली. लाल रंगाची, वनौषधींची. सासूबाईंना इंग्रजी वळणाचं काही चालत नाही म्हणून मुद्दाम ती निवडली. चार दिवसांत काकीनं ती ट्यूब आमच्या ओट्यावर आणून ठेवली. "वैशू, ह्या पेस्टीत कायतरी आसा. तोंडात आग होता." मी बोटावर घेऊन दात घासले. मला काहीच झालं नाही. काकीनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मीही कटात सामील आहे. पेस्ट बंद झाली. काकी दालचिनी-लवंगेच्या पुडीनं दात घासायला लागली आणि आग थांबायच्या ऐवजी वाढली.

आधी नुसती चुणचुण होती. मग आमटीचा घोट लागेना, मग गरम चहा लागेना. काकी खिडकीशी बसून, एका हातात आरसा, दुसऱ्या हातात महेशचा मोबाइल धरून तोंडात उजेड पाडायची. डाव्या गालाच्या आत लालभडक झालेलं आणि त्यावर पांढुरका, खरबरीत पट्टा. जिभेची डावी कडाही सोललेली. मला दाखवलं तेव्हा मी चेहरा सरळ ठेवला. काकीपुढे चेहरा सरळ ठेवणं सोपं नव्हतं.

आता संशय दोन्ही बाजूंनी सुरू झाला. चाळीला वाटलं, काकी चोरून मशेरी लावते. मागच्या चाळीतल्या एका बाईंचा गाल मशेरीनं गेला होता, नंतर त्याही गेल्या, आणि हे सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होतं. काकीच्या कमरेच्या डबीकडे बायका वेगळ्याच नजरेनं बघायला लागल्या. "दालचिनी म्हणे," एकजण म्हणाली, "दालचिनीसाठी कुणी कमरेला डबी बांधतं?" तिकडे काकीनं आपली वेगळी चूल मांडली. खोलीच्या कोपऱ्यात एक शेगडी, एक टोप, एक ताट, सगळं तिच्या कुलपात. सानिकाच्या हातचं खाणं बंद. तरी आग काही जाईना. मग काकी म्हणाली, मिठात असेल. मीठ बदललं. मग म्हणाली, भांडी घासायच्या पावडरीत असेल. एक दिवस तिनं पिंपालाही कुलूप लावलं आणि महेश तहानलेला बसून राहिला.

त्या वर्षी शिमग्याला ती गावाला भावाकडे गेली, चांगली महिनाभर राहिली. परत आली ती हसत. तोंड बरं झालं होतं. भावाकडे तिखट सुक्याचं कालवणसुद्धा खाल्लं म्हणाली. आम्हाला सगळ्यांनाच हायसं वाटलं. आठवडा गेला नाही तोच गाल पुन्हा पेटला. मग काकी गॅलरीत उभी राहिली. संध्याकाळची वेळ, सगळे घरी आलेले. सानिका नुकतीच जिना चढून वर येत होती, हातात दुकानाची पिशवी. काकीनं कठड्याला धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "गावाक गेलंय तर बरा, हय इलंय तर आग. मगे काय समजाचा? ही माझ्या जेवणात इख घालता."

मला आजही वाटतं, त्या क्षणी अर्ध्या चाळीनं सानिकाच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. पुरावा तसा बिनतोड होता. सानिका जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबली, सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि काकीच्या बाजूनं आत गेली. त्याच आठवड्यात महेशनं बदलापूरला जागा बघितली. गणपती झाले की जायचं ठरलं. तोंडातलं दुखणं काय निघतं आणि त्या घराचं काय होतं, या दोन्ही गोष्टी त्यानंतर एकमेकींत अशा गुंतल्या, की एकीचं उत्तर दुसरीशिवाय मिळणार नव्हतं.

डॉक्टरला दाखवायचा हट्ट सानिकाचाच. "माझ्या हातचं खाऊ नका आई, पण तोंड दाखवा," ती म्हणाली. काकीनं विचारलं, "डॉक्टर तुझ्या वळखीचो आसा?" शेवटी सानिकाला न सांगता डॉक्टर मी शोधायचा आणि काकीबरोबर मीच जायचं, असा तोडगा निघाला. दातांच्या एका कॉलेजात तोंडाच्या रोगांची ओपीडी होती, तिथे मी तिला घेऊन गेले. आत पहिल्यांदा भेटला तो शिकाऊ डॉक्टर. त्यानं गालात डोकावून नेहमीचा प्रश्न विचारला, "आजी, मशेरी लावता का? तंबाखू? खरं सांगा." जन्मभर दुसऱ्याला "खरा सांग" म्हणणाऱ्या बाईला कुणीतरी पहिल्यांदा हे विचारत होतं. काकी खुर्चीतून उठलीच. "तुझ्या आयशीन लावल्यान आसतली," ती म्हणाली, आणि मी दोघांच्या मध्ये उभी राहिले.

मग मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. केस पिकलेल्या, आवाज हळू. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि गालातला छोटा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल म्हणाल्या. तुकडा हा शब्द आमच्याकडे एकाच रोगासाठी वापरतात. काकीनं तुकडा काढू दिला, पण घरी येईपर्यंत मला दहादा विचारलं, "तुकडो खय नेल्यानी? तो माझोच ह्या कशावरना?"

रिपोर्ट यायचा होता त्या दिवसांत एका दुपारी ती आमच्याकडे येऊन बसली. डबी उघडली, दालचिनीचा तुकडा गालात ठेवला, तोंड वेडंवाकडं केलं, तरी ठेवला. मग मागच्या चाळीतल्या त्या बाईंचं नाव घेऊन म्हणाली, "तिचा पण असाच सुरू झाला काय गो?" मी म्हटलं, तसलं काही नसेल काकी. ती माझ्या बोलण्याकडे लक्ष न देता म्हणाली, "इख आसला तर बरा. इखाक उतारो आसता." मला तेव्हा कळलं, की या बाईला आपल्या सुनेनं विष घातलेलं हवं होतं. दुसरं जे काही असू शकत होतं त्याला ती इतकी घाबरली होती. मला तिचा राग आला होता तो त्या दुपारी उतरला. सानिकाला हे सांगावं असं मनात आलं, पण कुठल्या तोंडानं सांगणार? तिला विष घालणारी म्हटलं होतं ते सगळ्यांदेखत.

रिपोर्टच्या दिवशी सानिका दुकानातून सुट्टी काढून न बोलावता आली. डॉक्टरीणबाईंच्या टेबलापासून लांब, भिंतीला टेकून उभी राहिली. काकीनं तिला पाहिलं आणि नजर वळवली. बाईंनी कागद वाचला आणि आधी तेच सांगितलं जे ऐकायला आम्ही श्वास धरून बसलो होतो. कॅन्सर नाही. काकीनं डोळे मिटले. मी तिचा हात धरला तर तो थंडगार. बाई पुढे म्हणाल्या, "पण हे कशाच्या तरी अॅलर्जीनं झालेलं दिसतंय. तोंडाला काहीतरी सारखं लागतंय आणि ते त्याला सोसत नाही. मध्ये कधी बरं वाटलं होतं का?"

"गावाक बरा वाटला," काकी म्हणाली.

"गावाला काय नव्हतं?"

"सून नव्हती."

शिकाऊ डॉक्टर हसायच्या बेतात होता, बाईंनी त्याच्याकडे पाहिल्यावर तो खाली बघायला लागला. बाई अजिबात हसल्या नाहीत. "आजी," त्या म्हणाल्या, "सुनेनं काही घातलं असतं तर सगळं तोंड पोळलं असतं. तुमचं एकाच बाजूचं पोळलंय. डाव्या गालात तुम्ही काय ठेवता?"

काकीनं डबी काढली. तीही लगेच नाही. आधी शिकाऊ डॉक्टरला बाहेर जायला लावलं, त्याच्यासमोर कमरेची पिशवी सोडणार नाही म्हणाली. बाईंनी डबी उघडून वास घेतला, एक तुकडा बोटांत धरला आणि विचारलं, "ही गावाला नेली होतीत?"

"नाय. भावजय मागता. एकदा नेललंय तर अर्धी काढून घेतल्यान. ह्या वक्ताक हयच ठेवलंय, पेटयेत, कुलपात."

मला हसूही आलं आणि रडूही. भावजयीच्या संशयानं महिनाभर तिचं तोंड वाचवलं होतं. बाईंनी मग तिचे हात मागून घेतले, बोटांच्या चिरा पाहिल्या, मसाल्याच्या दिवसांत काय होतं ते विचारून घेतलं. पाठीवर पट्ट्या लावून एक तपासणी करावी लागेल म्हणाल्या. बोटांची कातडी आणि तोंडातलं अस्तर दोन्ही शरीरावरचीच वेष्टनं आहेत, एकीकडे खाज सुटते, दुसरीकडे आग होते, पण भांडण एकाच गोष्टीशी असू शकतं. "तुमच्या शरीरानं दालचिनीला चोर समजलंय, आजी. ती आली की ते अंगावर धावून जातं. त्या मारामारीत तुमचाच गाल सोलला जातो."

"पण दालचिनीन काय केल्यान?" काकीनं विचारलं.

"काही नाही. तिनं काहीच केलेलं नाही."

"चाळीस वर्सा खातंय मी. तेव्हा कसा नाय झाला?"

"होतं असं. वर्षानुवर्षं घरात असलेल्यावरच एक दिवस संशय येतो. मग तो सहजासहजी जात नाही."

भिंतीशी उभ्या असलेल्या सानिकानं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. काकीनं तिच्याकडे पाहिलं नाही, पण तिची कानशिलं लाल झालेली मी पाहिली. ते दालचिनीनं नव्हतं.

पाठीवरच्या पट्ट्यांनी काकीला दोन दिवस छळलं. कुठल्या पट्टीत काय आहे हे तिला न सांगता त्या लावल्या होत्या आणि तिच्या आयुष्यात इतका मोठा अन्याय तिच्यावर कधी झाला नव्हता. दर तासाला पदर बाजूला करून मला पाठ दाखवायची. पट्ट्या काढल्या तेव्हा एकीखालीच लाल गांधी आणि पुरळ उठलेलं, बाकी पाठ स्वच्छ. ती पट्टी दालचिनीची होती. घरी येऊन सानिकानं ती जुनी लाल टूथपेस्ट फळीवरून शोधून काढली आणि वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचली. त्यातही दालचिनीचं तेल होतं. मी म्हटलं, आता काकी ओशाळेल. काकी उलट ताठ बसली. "म्हणजे पेस्टीचा माझा खरा होता," ती म्हणाली. "मी सांगतंय तर कोण ऐकणा नाय." आणि वर पुन्हा, "हिना आणताना बघूक नको?"

आता यावर काय बोलणार? दुसऱ्या दिवशी सानिकानं बिनवासाची, साधी पांढरी पेस्ट आणली आणि फळीवर ठेवून कामावर गेली. काकीनं डबी रिकामी करून मला दिली, आत सुया ठेव म्हणाली. दोन-तीन आठवड्यांत तिचा गाल निवळला. रोज सकाळी आरसा आणि मोबाइल घेऊन ती तपासायची, पांढरा पट्टा खरंच गेलाय की आपल्याला फसवतोय ते बघायला. मशेरीचा संशय घेणाऱ्या बायका जशा काही झालंच नाही तशा बोलायला लागल्या. पण काकीनं सुनेची क्षमा मागितली, असं कुणी पाहिलं नाही. सॉरी हा शब्द तिच्या तोंडात कधी बसलाच नाही, आणि मालवणीत ती असं काही म्हणाली असती तर सानिकालाच संशय आला असता. गणपती आले, गेले. बदलापूरच्या टेम्पोवाल्याला महेशनं रविवारचं सांगून ठेवलं होतं. शनिवारी त्यांच्या दारात बांधलेली खोकी मी स्वतः पाहिली. रविवारी टेम्पो आला नाही. सोमवारी खोकी सुटली. काय झालं ते महेशलाही नीट सांगता आलं नाही.

त्यानंतर मात्र भिंतीपलीकडून आम्हाला एक संवाद ऐकू यायला लागला. रोज नाही, पण आठवड्यातून एखाद-दोन वेळा नक्की. जेवायची वेळ, ताटांचा आवाज, आणि काकीचा प्रश्न, "राग आसा मां?" म्हणजे राग आहे ना. सानिकाचं उत्तर, "आहे." मग काकीचं "बरा." एवढंच. आम्ही समजलो, धुसफूस चालूच आहे. माझी आई म्हणायची, एका छपराखाली राहतात पण मनं काही जुळली नाहीत. शेजारणींनी तर सानिका पुन्हा बदलापूर कधी काढते यावर लक्ष ठेवलं होतं. वर्षं गेली, तो प्रश्न आणि ते उत्तर चालू राहिलं. पुढे काकीचे गुडघे गेले, तेव्हा तिला उठवून बसवणारी, आंघोळ घालणारी सानिकाच होती. त्याही दिवसांत भिंतीपलीकडून तेच, "राग आसा मां?" आणि "आहे."

काकी मागच्या थंडीत गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. दिवस-वार उरकल्यावर एका संध्याकाळी सानिका आमच्याकडे चहाला आली. मी बोलता बोलता म्हणाले, "सुटलीस गं एकदाची. किती वर्षं ऐकतेय मी ते तुमचं." सानिकानं मान हलवली. मग तिनं मला त्या शनिवारचं सांगितलं, जे ती तोवर कुणाजवळच बोलली नव्हती.

त्या दिवशी महेश बाहेर गेला होता. खोकी बांधून झाली होती. सानिका शेवटच्या भाकऱ्या थापत होती, तेव्हा काकी येऊन तिच्या शेजारी बसली. मग विचारलं, "तुका माझो राग येता ना?"

सानिका म्हणाली, "हो."

"खूप?"

"खूप. तुम्ही सगळ्या चाळीसमोर मला विष घालणारी म्हणालात. मी ते विसरणार नाही, आई."

"मी मरापर्यंत?"

"त्याच्यानंतरही."

काकी तिच्याकडे बघत राहिली. सानिकाला वाटलं, आता ही उठेल आणि पुन्हा गॅलरीत जाईल. पण काकी म्हणाली, "ह्या तू खरा बोललंस. सगळी माका बरा वाटाचा म्हणान खोटा सांगतत. झील महेश पण सांगता, तिचो राग गेलो म्हणान." मग आपलं ताट कुलपातून काढून तिच्यापुढे सरकवलं. "वाढ. आणि राग गेलो तर माका सांग. लपवू नको."

"आणि मी वाढलं," सानिका म्हणाली. "रात्री महेशला टेम्पो नको म्हणाले. काय करणार? पुढे सारखी विचारायची. मी 'आहे' म्हटलं की जेवायची. एकदा मी गंमत म्हणून 'गेला' म्हटलं, तर पान सारून बसली, खोटं बोलतेस म्हणाली."

चहा गार झाला होता. मी तिला विचारलं, "आणि आता? अजून येतो राग?"

"येतो ना," सानिका म्हणाली. "पण आता विचारतंय कोण?"